बैलगाडीची वाट आणि सिग्नलची पाळी



आजची नोंद पिकाची नाही, रस्त्याची आहे. पण फिरून पिकाकडेच येते, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मुरबाड, शहापूर, वाडा, वसई या पट्ट्यातून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीला जो भाजीपाला जातो, तो शेतातून निघताना वेळेवर निघतो. हायवेलाही बऱ्यापैकी पळतो. अडकतो तो शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरात. टेम्पोवाल्याला फोन केला की दोनच उत्तरं मिळतात. एक, "रस्ता खोदलाय." दुसरं, "सिग्नल सुटत नाय." आपण फोन ठेवतो आणि मेथीच्या भावाचा विचार करत बसतो. या दोन उत्तरांच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्याला कळण्यासारखा आहे, कारण ही सगळी उपनगरं काल-परवापर्यंत आपल्यासारखीच भाताची गावं होती.

मुंबई म्हणजे सात बेटं, हे शाळेत शिकलो. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर त्या सात बेटांत नव्हतीच. ती साष्टी बेटावरची गावं. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी पोर्तुगिजांकडून घेतली, १७७४ च्या अखेरीला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. इकडची जमीन म्हणजे खाचरातलं भात, खाडीकडेला खाजण आणि मिठागरं, डोंगराला जंगल. भाताबरोबर इथला मोठा व्यापार होता गवताचा. मुंबईत घोडे होते, बैल होते, म्हशी होत्या, त्यांना वैरण लागायची, आणि ती साष्टी आणि ठाण्याकडून जायची. म्हणजे मुंबईला जाणारा पहिला 'शेतमाल' तरी चाऱ्याच्या गाड्यांचाच होता म्हणा.

पण जायचं कसं? मधे खाडी. कुर्ल्याकडून शीवला जायला होडी, वांद्र्याहून माहीमला जायला होडी. भरतीची वेळ बघा, नावाड्याची वाट बघा. साष्टीच्या शेतकऱ्याचा पहिला 'सिग्नल' म्हणजे भरती-ओहोटी.

गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात शीवचा बांध झाला, १८०५ च्या सुमाराला. खाडीत घातलेली ती भरणी, वरून गाडीवाट. कुर्ला-घाटकोपर-भांडुप-मुलुंड-ठाणे ही पूर्वेकडची सगळी गावं पहिल्यांदा मुंबईला चाकांनी जोडली गेली. हाच रस्ता पुढे आग्रा रोड झाला, थळ घाट चढून नाशिककडे जाणारा. आज त्याला लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, टेम्पोवाले नुसतं 'एलबीएस' म्हणतात. या बांधावर गाड्यांकडून टोल घेतला जाई.

पश्चिमेकडच्या गावांना आणखी चाळीस वर्षं थांबावं लागलं. माहीमच्या खाडीत होड्या बुडायच्या, माणसं जायची, पण सरकार बांधाला पैसे काढत नव्हतं. शेवटी सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला. देताना अट घातली की इथे टोल घ्यायचा नाही. मला ही बाई फार मोठी वाटते. पूल बांधून देणारे पुष्कळ असतात, पण वरून जाणाऱ्या गाडीवाल्याच्या खिशाचा विचार करणारे थोडे. या बांधापासून वर वांद्रे, अंधेरी, बोरिवली करत घोडबंदरला जाणारी वाट म्हणजे जुना घोडबंदर रोड. त्याचाच शहरातला भाग आज स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजे एस. व्ही. रोड.

आता इथे थांबून नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्वेला एक लांब रस्ता, पश्चिमेला एक लांब रस्ता, दोन्ही उत्तर-दक्षिण. मधे डोंगर, आज जिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे तो सगळा भाग, आणि विहार, तुळशी, पवई ही तळी. पाणलोटाच्या भाषेत सांगायचं तर दोन ओढे दोन अंगांनी दक्षिणेला वाहतायत आणि मधे धार आहे. या ओढ्यातून त्या ओढ्यात जायला वाट जवळजवळ नाहीच. मुलुंडहून बोरिवली सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर, पण मधे डोंगर. गाडी एक तर ठाण्यावरून घोडबंदरने वळसा घेऊन जाणार, नाही तर खाली पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी याचं कुणाला काही वाटलं नाही. मुलुंडचं भात आणि बोरिवलीचं भात, दोन्ही दक्षिणेलाच जायचं होतं.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, आणि १८६४ मध्ये पश्चिमेकडची गुजरातकडून ग्रँट रोडपर्यंत. रेल्वेने शेतमालाचं भलं केलं यात शंका नाही. वसईची केळी, भाजी, फुलं गाडीच्या डब्यातून येऊ लागली. वसई-विरारकडच्या बाया आजही टोपल्या घेऊन लोकलने बोरिवली-अंधेरी-दादरला उतरतात, आणि कुठल्याही सिग्नलला न थांबता पोचतात. पण रस्त्याच्या बाजूने बघितलं तर रेल्वे म्हणजे शेतातून काढलेला मोठा बांध. पूर्वेचं गाव पश्चिमेपासून तुटलं. जिथे फाटक तिथेच ओलांडायचं. गाड्या कमी होत्या तोवर फाटक बराच वेळ उघडं असायचं. लोकल वाढल्या तसं ते बंदच राहू लागलं. मग फाटकाच्या जागी कुठे वरून पूल, कुठे खालून भुयार. पण संख्या? मोजकीच. आजची निम्मी दुखणी या एका गोष्टीत आहेत: गावं पसरली, माणसं वाढली, पण ओलांडायच्या जागा जुन्या फाटकांच्या हिशेबाने राहिल्या.

उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा झाला. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. तोवर खाचरं विकली जात होतीच. मुलुंडचं नशीब जरा बरं. तिथे १९२० च्या दशकात काटकोनात रस्ते आखून वसाहत वसवली, म्हणून आजही मुलुंड पश्चिमेत एक गल्ली बंद असली तर दुसरीने निघता येतं. अंधेरी, मरोळ, विलेपार्ले, घाटकोपरच्या गावठाणांत तसं नाही. तिथल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. दोन्ही बाजूंनी घरं, मधे एक गाडी जाईल एवढी वाट. त्याच वाटेला आता टॉवरच्या गाड्या येऊन मिळतात. आपल्याकडे पाणंद रस्त्यावर दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की काय होतं, ते तिथे रोज सकाळी होतं.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे द्रुतगती मार्ग झाले, पूर्व आणि पश्चिम. चांगले रुंद, पण तेही उत्तर-दक्षिणच. म्हणजे ओढे रुंद केले, दोन ओढ्यांना जोडणारी चारी नाही काढली. आडवी वाट म्हणून बराच काळ भार पडला तो अंधेरी-कुर्ला रोडवर. पुढे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड झाला. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडचं काम २००३ मध्ये सुरू झालं आणि रस्ता खुला झाला एप्रिल २०१४ मध्ये. साडेसहा किलोमीटरला अकरा वर्षं. या अकरा वर्षांत आमच्याकडे चिकूची कलमं लावून फळं खाऊन झाली असती.

नव्वदच्या दशकात दुसरा उपाय निघाला, उड्डाणपूल. १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ झालं, नितीन गडकरी तेव्हा बांधकाम मंत्री. मुंबईत ५० च्या वर पूल बांधायचं ठरलं आणि बरेचसे झाले. त्याचे पैसे वसूल करायला मुंबईच्या वेशीवर पाच टोलनाके बसले: दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशी. त्याआधीपासून वेशीवर जकात नाके होतेच. जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. टोल हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, जड वाहनांना चालू राहिला. म्हणजे शीवच्या बांधापासून धरलं तर मुंबईच्या वेशीवर मालाची गाडी कशा ना कशासाठी थांबतच आली. आधी भरतीसाठी, मग टोलसाठी, मग जकातीसाठी, परत टोलसाठी. तुमच्यातल्या जुन्या लोकांना मुलुंड चेकनाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आठवत असतील. तपासणी होती एका ट्रकची आणि खोळंबा सगळ्यांचा, अगदी ज्याच्याकडे फक्त दुधी भोपळा आहे त्याचाही.

आता येऊ सिग्नलकडे. हा विषय आपल्याला कुणी समजावून सांगत नाही, आणि खरं म्हणजे आपल्याइतका सहज तो कुणालाच कळणार नाही.

जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल लंडनला पार्लमेंटसमोर डिसेंबर १८६८ मध्ये बसवला, गॅसच्या दिव्याचा. महिनाभरातच गॅसचा स्फोट झाला आणि पोलीस जखमी झाला, नाद सोडून दिला. विजेचा सिग्नल आला १९१४ मध्ये अमेरिकेत, क्लीव्हलंडला. तिथून पुढे प्रश्न आला तो वेळेचा. कुठल्या बाजूला किती सेकंद? याचं गणित १९५८ मध्ये इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या वेब्स्टरने मांडलं, आणि आजही इंजिनिअरिंगच्या पोरांना तेच शिकवतात.

हे गणित म्हणजे पाणीपाळी आहे हो. दुसरं काही नाही.

चौक म्हणजे दार. एका वेळी एकाच चारीला पाणी. हिरवा दिवा म्हणजे तुमचं दार उघडं. पाळी बदलताना काय होतं? तुमचं दार बंद केलं, शेजाऱ्याचं उघडलं, पण पाणी त्याच्या शेताला लगेच लागत नाही. आधी कोरडी चारी भरते, मग शेतात उतरतं. तेवढा वेळ कुणालाच पाणी नाही. सिग्नललाही तेच. पिवळा पडतो, सगळे लाल होतात, मग हिरवा झाला तरी पहिला रिक्षावाला गिअर टाकणार, मागचा हलणार. दर पाळीला चारेक सेकंद अशी कुणाच्याच कामाला येत नाहीत. चार बाजूंच्या चार पाळ्या म्हणजे सोळा सेकंद वाया.

पाळ्या भराभर बदलल्या तर वाया वेळ जास्त जातो. पाळी लांबवली तर वाया कमी जातो, पण शेवटचा शेतकरी वाळतो. मग मधला मार्ग किती? वेब्स्टरने सांगितलं: वाया जाणाऱ्या एकूण सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि त्याला 'रस्त्यात उरलेल्या सवडीने' भागा. सवड म्हणजे काय? चारही बाजूंची मागणी मिळून चौकाच्या ताकदीच्या ७० टक्के असेल तर सवड ३० टक्के, म्हणजे ०.३.

करून बघा. १६ ची दीडपट २४, अधिक ५ म्हणजे २९. भागिले ०.३, उत्तर आलं साधारण ९७ सेकंद. म्हणजे एक पूर्ण आवर्तन दीड मिनिटाच्या थोडं वर. सोसण्यासारखं आहे.

आता त्याच चौकात मुख्य रस्त्याच्या तीन लेनपैकी एक खोदली. बॅरिकेड लागलं, पत्रे उभे राहिले. गाड्या तेवढ्याच, पण वाट तीनाची दोन झाली. समजा त्या बाजूची मागणी ताकदीच्या ४० टक्के होती. वाट दोन-तृतीयांश झाल्यावर तीच मागणी आता ६० टक्के होते. बाकीच्या बाजूंचे ३० धरून एकूण ९०. सवड उरली १० टक्के. २९ भागिले ०.१ म्हणजे २९० सेकंद! दीड मिनिटाचं आवर्तन एकदम पावणेपाच मिनिटांवर गेलं. लेन एकच गेली, पण पाळी तिप्पट झाली. हा जो उतार आहे तो सरळ नसतो, कड्यासारखा असतो. विहिरीत पाणी बरं असताना एक मोटर जादा चालली तर काही वाटत नाही, तळाला आल्यावर तीच मोटर विहीर उपसून टाकते, तसं.

पावणेपाच मिनिटांचा सिग्नल कोणी ठेवत नाही, ठेवूही नये, माणसं लाल तोडतात. पण अडचण वेगळीच आहे. बहुतेक ठिकाणी खोदकाम सुरू होतं आणि सिग्नलच्या वेळा होत्या तशाच राहतात. जुन्या तीन लेनच्या हिशेबाचा हिरवा दिवा, आणि वाट दोन लेनची. धरून चाला की दर पाळीला ३० गाड्या येतात आणि आता २४ च निघतात. सहा उरल्या. १०० सेकंदाचं आवर्तन धरलं तर तासाला ३६ पाळ्या, म्हणजे २१६ गाड्या तुंबल्या. दोन लेनमध्ये प्रत्येकी १०८, एका गाडीला सात मीटर, रांग झाली पाऊण किलोमीटर. तासाभरात! आणि तेवढ्या अंतरात मागचा चौक येतोच. रांग त्या चौकात घुसली की तिथल्या आडव्या गाड्यांना हिरवा असूनही हलता येत नाही. पाट फुगून मागच्या शेतात पाणी शिरतं ना, तसं. मग ज्यांचा त्या खोदकामाशी काही संबंध नाही अशी माणसं दोन चौक मागे उभी राहतात आणि सिग्नलला शिव्या देतात.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं? धरणातलं पाणी कमी झालं तर पाळीपत्रक बदलतं. पाटकरी सायकलवर फिरतो, कुणाचं किती भिजलं बघतो. महाराष्ट्रात आपली शेजपाळी आहे, टेलपासून हेडकडे शेजाने पाणी, भिजेपर्यंत. उत्तरेत वारबंदी आहे, घड्याळाने. कुणाचं भिजो न भिजो, वेळ झाली की दार बंद. घड्याळावर लावलेला सिग्नल म्हणजे वारबंदी. आणि रस्त्यात सेन्सर किंवा कॅमेरा ठेवून गाड्या बघून हिरवा कमी-जास्त करणारा सिग्नल म्हणजे शेजपाळी. मुंबईत जागतिक बँकेच्या कर्जातून २००२ पासून जो वाहतूक प्रकल्प झाला, त्यात असे संगणकाला जोडलेले सिग्नल बसवले. पण रस्ता खोदला की रस्त्यात पुरलेली वायर पहिली तुटते, आणि मग शेजपाळीची परत वारबंदी होते. शेवटी हवालदार शिट्टी घेऊन उभा राहतो. खरं सांगू, चांगला हवालदार म्हणजे चांगला पाटकरीच असतो. तो रांग बघतो, घड्याळ नाही.

थोडं विषयांतर. २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी एक प्रयोग लोकांसमोर आणला होता. सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र लावलं, ८५ डेसिबलच्या वर हॉर्न गेला की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून. हॉर्न वाजवा आणि थांबा. लोकांना मजा वाटली. मला त्यातलं एवढंच पटलं की पाळीचा आकडा दगडावर कोरलेला नसतो. मनात आणलं तर तो बदलता येतो.

आता रस्ते खोदण्याबद्दल. हल्लीची मोठी खोदाई तीन प्रकारची. मेट्रोची, काँक्रिटीकरणाची आणि पुलांची.

मेट्रोचं पहिलं काम अंधेरी आणि घाटकोपरलाच झालं. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ११.४ किलोमीटर. २००८ मध्ये काम लागलं, ८ जून २०१४ ला गाडी धावली. सहा वर्षं अंधेरी-कुर्ला रोडच्या मधोमध पत्रे. वर सांगितलं तसं, हीच तर मुख्य आडवी वाट. तिथली मधली लेन गेली म्हणजे दोन ओढ्यांमधली चारी अर्धी बुजली. मेट्रो झाल्यावर माणसांची सोय झाली, ते खरंच आहे, दीड तासाचं अंतर वीस-पंचवीस मिनिटांवर आलं. पण मेट्रोत क्रेट चढत नाही. मालाच्या गाडीच्या वाट्याला पत्रे आले आणि नंतर खांब आले. पूर्वेला एलबीएस मार्गावर २०१८ पासून मेट्रो ४ चं काम, घाटकोपर-भांडुप-मुलुंड करत ठाण्याकडे. म्हणजे शीवच्या बांधाचा तोच जुना आग्रा रोड, परत एकदा अर्ध्यावर.

काँक्रीटचं काम जानेवारी २०२३ पासून जोरात आलं. साधारण ४०० किलोमीटर रस्त्यांचा पहिला टप्पा एकदम काढला, पुढे दुसरा. डांबराचा रस्ता रात्री केला तर सकाळी गाडी चालते. काँक्रीटचं तसं नाही. ओतल्यावर पाणी मारून भिजत ठेवावं लागतं, पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. त्यात खाली पाण्याची, गॅसची, विजेची, टेलिफोनची लाईन निघते, ती आधी सरकवायची. आणि पावसाळ्यात खोदायला मनाई, ३१ मे पर्यंत काम आटपायचं. म्हणून सगळेच ऑक्टोबर ते मे मध्ये खोदतात. आता बघा, ऑक्टोबर ते मे म्हणजे काय? आपला रब्बी आणि उन्हाळी भाजीपाला. भेंडी, काकडी, मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरची सगळं त्याच महिन्यांत मुंबईला जातं. पावसाळ्यात रस्ता मोकळा असतो तेव्हा खड्डे असतात. आमच्या मालाला रस्ता आणि हंगाम एकदम असा मिळतच नाही.

आणि पूल. अंधेरीचा गोखले पूल याचा सगळ्यात मोठा धडा आहे. फाटकाच्या ऐवजी बांधलेला १९७५ चा पूल. ३ जुलै २०१८ ला पावसात त्याच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला, माणसं दगावली. पुढे तपासण्या झाल्या आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला अख्खा पूल बंद केला. लोकांना वाटलं एक पूल बंद, दुसऱ्याने जाऊ. पण दुसरे कोण? जवळचं अंधेरी सबवे, ते जोराच्या पावसात भरतं. मग उत्तरेला जोगेश्वरीचा पूल, दक्षिणेला पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, त्याखाली मिलन सबवे. एक दार बंद झालं आणि सगळं पाणी या तीन-चार दारांवर आलं. त्यांच्या तोंडाशी सिग्नल आहेत. गोखले पुलापासून दोन-तीन किलोमीटर लांबच्या चौकातली सवड संपली. वर केलेला हिशेब अख्ख्या पश्चिम उपनगरात एकदम लागू झाला.

२६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू उघडली, आणि उघडताना दिसलं की नवा पूल शेजारच्या बर्फीवाला पुलापेक्षा उंच झालाय. दोन्ही जुळतच नाहीत! रेल्वेच्या नियमाने नव्या पुलाची उंची वाढली, आणि जुना होता तिथेच राहिला. बांध घालताना शेजारच्या खाचराची लेव्हल न बघणारा गडी आपण दुसऱ्या दिवशी कामाला ठेवत नाही. मग जुना पूल जॅकने उचलून जुळवला, जुलै २०२४ मध्ये जोड सुरू झाली. पूर्ण गोखले पूल खुला व्हायला मे २०२५ उजाडला. अडीच वर्षं. पूर्वेला विक्रोळीलाही तसंच, फाटकाच्या जागी पूल मंजूर होऊन, रखडून, शेवटी जून २०२५ मध्ये वाहता झाला.

हे सगळं आपल्याला काय करायचंय, असं कुणी विचारेल. सांगतो.

काढणी झाली तरी भाजी जिवंत असते, श्वास घेत असते. तापमान १० अंशांनी वाढलं की तिच्या श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. पालकाने वजनाच्या तीन-चार टक्के पाणी गमावलं की तो विकायच्या लायकीचा राहत नाही. पळत्या टेम्पोत वारा तरी लागतो. उभ्या टेम्पोत, ताडपत्रीखाली, बाजूला डिझेलचा धूर आणि उन्हाने तापलेलं काँक्रीट, आतला ढीग स्वतःच्याच गरमीने शिजतो. चाळीस मिनिटं उशीर झाला एवढंच नाही, मालाचं अख्ख्या दिवसाचं आयुष्य गेलं. आणि बाजाराचा भाव पहिल्या दोन तासांचा असतो. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून सुटला, शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले, थेट गिऱ्हाइकाला विका म्हणाले. चांगलंच झालं. पण वाशीला माल रात्री जातो, तेव्हा रस्ता मोकळा. थेट विक्रीचा माल सकाळी सोसायटीच्या दारात लागतो, म्हणजे बरोबर ऑफिसच्या गर्दीत. त्यात जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी, म्हणून मोठी गाडी चालत नाही, छोटे टेम्पो जास्त लागतात. दलाल सुटला, पण त्याचं कमिशन डिझेलमध्ये आणि वाळक्या जुड्यांमध्ये जातं की काय, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वहीत करून बघावा. आमच्या गटातल्या पोरांनी केला, आणि पालेभाजी दोन वाजता भरून साडेपाचच्या आत मुलुंड ओलांडायची असं ठरवलं. त्यासाठी काढणी संध्याकाळी, जुड्या रात्री, ओलं गोणपाट वरून आणि मधूनही. फळभाजी दिवसा चालते. भेंडीला चालत नाही, ती काळी पडते.

आणखी एक. मुंबईत रस्ता खोदायला वाहतूक पोलिसांची परवानगी लागते. त्या परवानगीत किती लेन बंद आणि किती दिवस हे असतं. त्याच कागदावर 'या काळात शेजारच्या दोन सिग्नलच्या वेळा अशा राहतील' हा एक रकाना वाढवायला पैसे लागत नाहीत. गणित १९५८ चं आहे, कॅल्क्युलेटरवर होतं.

ही सगळी कहाणी आता आपल्याकडे सरकतेय, म्हणून एवढं लांबण लावलं. नाशिक हायवेचं माजिवडा ते वडपे रुंदीकरण आपण बघतोच आहोत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा डोंगराखालचा बोगदा आणि ठाणे-बोरिवली बोगदा, दोन्हींचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. दोनशे वर्षांनी पहिल्यांदाच दोन ओढ्यांना आडवी चारी मिळणार, डोंगरातून. ते व्हायलाच हवं. पण भिवंडी, कल्याण, मुरबाड, शहापूरकडे आता जे नवे रस्ते आखले जातायत, त्यात गावाला रस्ता ओलांडायला किती जागा ठेवल्यात ते नकाशात आजच बघून घ्या. भुयारी मार्गाची उंची किती, त्यातून भाताच्या पेंढ्याने भरलेली ट्रॉली जाते का, पावसाचं पाणी कुठे उतरतं. ग्रामसभेत नकाशा मागा, टेप घेऊन जा. अंधेरीच्या खाचरवाल्यांना हे विचारायला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या नोंदीत ओल्या गोणपाटाऐवजी केळीची पानं घालून केलेल्या मेथीच्या थप्प्यांचं वजन टाकतो, तीन दिवसांचं. मोजणं चालू आहे.